गायतोंडे, वासुदेव संतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). भारतीय अमूर्त चित्रकार. जन्म नागपूरला, मूळ घराणे गोव्याचे, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. १९५० मध्ये चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. पण गटातल्या गाजावाजापासून ते दूरच राहिले.

सुरुवातीच्या चित्रांत मानवाकृती आहेत आणि त्यांतली रेषा व सपाट रंग भारतीय लघुचित्रांशी नाते सांगतात. पुढे पाउल क्लेच्या चित्रांनी त्यांना आकृतीपासून सोडवले. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडेही त्यांचा ओढा होता. पण म्हणून त्यांच्या चित्रांत अध्यात्माची चिन्हे शोधू नयेत. ती तिथे नाहीत. झेनमधून त्यांनी उचलले ते थांबणे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. अमेरिकी चित्रकार रॉथकोशी त्यांची तुलना नेहमी होते, पण गायतोंडे यांची वाट तोवर ठरलेली होती: ‘पेंटिंग, ४’ हे त्यांचे १९६२चे, म्हणजे या प्रवासाआधीचे, चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

कॅनव्हासवर ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ अधिक वापरत. रंगाचा एक पातळ थर द्यायचा, तो ओला असतानाच काही भाग खरवडून काढायचा, वर पुन्हा थर. वर्तमानपत्राचे फाटके तुकडे रंगावर दाबून उचलले की खालचा थर उघडा पडे आणि लिपीसारख्या, पण कुठलीच लिपी नसलेल्या खुणा उमटत. त्या योगायोगाने आल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात कोणती राहू द्यायची आणि कोणती पुसायची, याचा निवाडा फार कडक असे. विचारात महिने जात, त्यामुळे वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना पसंत नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला एकटेच राहिले. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास थांबले. त्या काळात कागदावर शाईची कामे झाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, त्यांचे १९७९चे एक चित्र मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले होते. त्या चित्राला शीर्षक नाही. त्यांच्या बहुतेक चित्रांना नाही. ती सालावरूनच ओळखावी लागतात.