बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी

बाब-अल-मंदेब ही तांबडा समुद्र आणि एडनचे आखात यांना जोडणारी सामुद्रधुनी असून तिच्या पूर्वेस येमेन, तर पश्चिमेस जिबूती आणि त्याला लागून उत्तरेकडे इरिट्रिया हे देश आहेत. अरबी भाषेत या नावाचा अर्थ ‘अश्रूंचे द्वार’ असा होतो. अगदी अरुंद ठिकाणी तिची रुंदी जेमतेम २९ किमी. भरते, आणि तेवढ्यातही सुमारे १३ चौ. किमी. क्षेत्रफळाचे, रखरखीत असे पेरिम (अरबी नाव मय्यून) बेट मध्ये आडवे आल्याने तिचे दोन भाग पडतात. येमेनकडचा भाग अवघा तीनेक किमी. रुंद व उथळ आहे, तर मोठी जहाजे पश्चिमेकडच्या सुमारे २५ किमी. रुंद व खोल भागातून ये-जा करतात.

भौगोलिक स्थान आणि सत्ता यांच्या परस्परसंबंधांचा विचार म्हणजे भूराजनीती. ही संज्ञा स्वीडिश अभ्यासक रूडॉल्फ चेलेन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. या विचारात सामुद्रधुनींना नाक्यांचे महत्त्व असते, कारण खुल्या समुद्रात जहाजाला वाट बदलता येते, नाक्यावर येत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल (सुमारे २२ किमी.) हा त्या त्या देशाचा प्रादेशिक समुद्र ठरतो. या हिशेबाने बाब-अल-मंदेबच्या अरुंद भागात खुला समुद्र उरतच नाही. मात्र आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतून सर्व देशांच्या जहाजांना अखंड जाण्याचा, म्हणजे पारगमनाचा हक्क त्याच कराराने दिलेला असल्याने काठावरच्या देशांना हा नाका कायद्याने बंद करता येत नाही.

या नाक्याची आधुनिक कथा मुंबईपासून सुरू होते. मुंबई व सुएझ यांच्या दरम्यान टपाल नेणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा भरण्यासाठी ठाणे हवे होते, आणि त्याकरिता ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून आरमार पाठवून १९ जानेवारी १८३९ रोजी सामुद्रधुनीजवळचे एडन बंदर घेतले. त्यानंतर जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेसाठी एडनला नेले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील तुरुंगातच त्यांचा अंत झाला, तो याच व्यवस्थेमुळे. १८५७ मध्ये ब्रिटिशांनी पेरिम ताब्यात घेतले, १८६२ मध्ये फ्रान्सने समोरच्या किनाऱ्यावर ओबोक मिळवले, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर एका आडबाजूच्या खाडीतला हा मार्ग युरोप व आशिया यांच्यामधला हमरस्ता झाला. या सामुद्रधुनीचे महत्त्व उसने आहे. उत्तरेकडचा कालवा चालू असेल तेवढेच ते टिकते. १९६७ च्या अरब-इझ्राएल युद्धानंतर कालवा आठ वर्षे बंद राहिला, त्याच वर्षी ब्रिटिशांनी एडन सोडले, आणि जगातील गजबजलेल्या बंदरांत गणले जाणारे ते बंदर ओस पडले.

१९७३ च्या अरब-इझ्राएल युद्धात इजिप्तने इझ्राएलकडे जाणारी जहाजे येथे अडवली. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाल्यावर इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला, आणि कालांतराने त्या विशाल देशाच्या परदेशी व्यापाराचा बहुतांश भार जिबूतीच्या बंदरावर आला. लष्करी तळांसाठी जमीन भाड्याने देणे हा या चिमुकल्या देशाचा जणू राष्ट्रीय व्यवसायच म्हणावा लागेल : फ्रान्स, अमेरिका, जपान व इटली यांच्या पाठोपाठ २०१७ मध्ये चीननेही आपला पहिला परदेशी लष्करी तळ येथेच उघडला.

एवढ्या आरमारांच्या डोळ्यांदेखत २०२३ च्या अखेरीस हा नाका रिकामा होऊ लागला. येमेनमधील हूथी संघटनेने २०१४ मध्ये राजधानी साना काबीज केली होती, आणि २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने केलेल्या हवाई हल्ल्यांनंतरही ती टिकून राहिली. गाझातील युद्ध सुरू झाल्यावर, इझ्राएलशी संबंधित जहाजे रोखण्याची घोषणा करून तिने १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून ‘गॅलक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज पळवले. त्यानंतर ड्रोन व क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. येथे जुन्या भूराजनीतीचा ठोकताळा चुकतो : सामुद्रधुनीचा येमेनी काठ आणि पेरिम ही दोन्ही हूथींच्या विरोधकांकडे होती, हूथींकडे होता तो उत्तरेकडचा होदेदाचा किनारा आणि त्यामागचा डोंगराळ मुलूख. नाका हाती नसतानाही त्यांनी तो अडवला.

हे कसे साधले, याचे उत्तर लष्करी नकाशापेक्षा विम्याच्या कागदांत अधिक सापडते. धोक्याच्या समुद्रात शिरणाऱ्या जहाजाला नेहमीच्या विम्याखेरीज युद्धजोखमीचा जादा हप्ता भरावा लागतो आणि तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत आकारला जातो. १० कोटी डॉलर किमतीच्या जहाजाला ०.७ टक्के दर लागला, तर एका फेरीचे ७ लाख डॉलर होतात. २०२४ च्या आरंभी दर या पातळीला गेले तोवर बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपची, दहा ते चौदा दिवसांनी लांबची वाट धरली होती. म्हणजे जहाजे बुडवण्याची फारशी गरजच उरली नाही, बुडवण्याची शक्यता पुरेशी ठरली. जी जहाजे तरीही या वाटेने जात राहिली, त्यांतली काही आपले गंतव्य बंदर कळवणाऱ्या स्वयंचलित ओळखयंत्रणेच्या वीस अक्षरी रकान्यात बंदराऐवजी ‘सर्व खलाशी मुस्लिम’, ‘इझ्राएलशी संबंध नाही’ किंवा ‘सशस्त्र रक्षक’ अशा अर्थाचे संदेश भरू लागली.

परिणामांचा सर्वांत मोठा फटका, गंमत अशी की, इझ्राएलपेक्षा इजिप्तला बसला. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे १०.२५ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये ४ अब्ज डॉलरपर्यंत उतरले. नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून रीफर कंटेनरने, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या पेटाऱ्यांतून, युरोपला जातात. २०२४ च्या ऐन हंगामात हा प्रवास लांबला, भाडे वाढले आणि आधीच ठरलेल्या मुदतीत माल पोचवणे निर्यातदारांना जड गेले. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी खत घेऊन चाललेल्या ‘रुबीमार’ या जहाजावर हल्ला झाला. ते दोन आठवड्यांनी बुडाले, पण त्याआधी भरकटताना त्याच्या नांगराने समुद्रतळावरील आंतरखंडीय केबल तोडल्या असे मानले जाते. हमरस्ता पाण्यावर जितका, तितकाच तो पाण्याखालीही आहे.

अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षक आघाडी उभारली, त्यानंतर युरोपीय संघाने स्वतःची वेगळी मोहीम काढली. भारताने दोहोंपासून अंतर राखून अरबी समुद्रात व एडनच्या आखातात आपल्या युद्धनौका स्वतंत्रपणे ठेवल्या. सोमाली चाच्यांविरुद्ध २००८ पासून चालू असलेल्या गस्तीचाच तो विस्तार होता. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या बार्बाडोसचा ध्वज लावलेल्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी मरण पावले. उरलेल्या २१ जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने हेलिकॉप्टर व होड्यांच्या साहाय्याने उचलून जिबूतीला पोचवले, आणि त्यांत एक भारतीय होता.