नांव बदललें, चित्र तेंच

१९९८ सालीं न्यूयॉर्क येथें ख्रिस्टीज या विख्यात पेढीच्या लिलावांत एका तरुणीचें लहानसें रेखाचित्र विकलें गेलें. खडू व शाई यांनीं चर्मपत्रावर काढलेल्या त्या चित्रास यादींत ‘जर्मन, एकोणिसाव्या शतकाचा आरंभ’ असें म्हटलें होतें. किंमत आली २१,८५० डॉलर. पुढें २०१० सालीं ऑक्सफर्डचे कलेतिहासज्ञ मार्टिन केम्प यांनीं पास्काल कॉट यांच्यासह ग्रंथ लिहून तें लिओनार्दो दा विंचीचें आहे असें प्रतिपादिलें, आणि त्याच्या मोलाची चर्चा कोटींच्या भाषेंत होऊं लागली. चित्रांतील एक रेघहि बदलली नव्हती. बदललें होतें तें नांव.

केम्प यांचा पक्ष दुबळा नव्हे. किरणोत्सर्गी कर्बाच्या परीक्षेनें चर्मपत्र १४४० ते १६५० या काळांतील ठरलें. छायेच्या रेघा डावऱ्या हाताच्या दिसतात, व लिओनार्दो डावखुरा होता. ही तरुणी म्हणजे मिलानचा अधिपति लुदोविको स्फोर्त्सा याची कन्या ब्यांका, १४९६ सालीं विवाह होऊन त्याच वर्षीं निवर्तलेली, असें त्यांचें अनुमान आहे. चित्राच्या कडेस तीन छिद्रें आहेत. तेव्हां वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील स्फोर्त्सा घराण्याच्या चर्मपत्री ग्रंथांतून हें पान निघालें असावें, असेंहि ते म्हणतात.

तथापि आपल्या नैयायिकांची अट येथें आठवावी. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें तें दोहोंची व्याप्ति सिद्ध असल्यामुळें. जुनें चर्मपत्र आणि जुनें चित्र यांची तशी व्याप्ति कोठें आहे? जुन्या पानावर नवा हात चालूं शकतो. डावखुऱ्याची रेघहि साधतां येते. शिवाय लिओनार्दोचें चर्मपत्रावरील दुसरें चित्र ज्ञात नाहीं. शॉन ग्रीनहाल्ग या शिक्षा भोगलेल्या इंग्रज नकलकारानें तर २०१५ सालीं, हें चित्र आपणच १९७८ मध्यें दुकानांतल्या एका मुलीवरून काढलें, असें सांगितलें. पण त्याचा शब्द तरी प्रमाण कसा मानावा?

हा वाद मिटलेला नाहीं. ‘असूं शकेल’ आणि ‘आहे’ यांमधलें अंतर राखणें हा पंडिताचा धर्म होय. रसिकाचा धर्म त्याहून निराळा आहे. ती मिलानची राजकन्या असो वा दुकानांतली मुलगी, १९९८ सालींहि तिची मान तशीच ताठ होती, नजर तशीच शांत होती. तेव्हां तिच्याकडे थांबून पाहणारे किती होते, आणि आपण तरी त्यांत असतों काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें.