एक डोकं, तीन अहवाल

आमच्या खारदांड्यात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही १९६८ च्या पावसाळ्याबद्दल विचारा, मासळीच्या आधी रमण राघवचं नाव निघतं. ओट्यावर, पडवीत झोपणारी माणसं दारं लावून आत झोपायला लागली. पोरांनी गल्लीत पाळीपाळीने पहारे दिले. अनोळखी भटक्या दिसला की आधी चोप, मग चौकशी. तो मांजराचं रूप घेतो, पोपट होऊन उडून जातो, असंही लोक छातीठोकपणे सांगायचे.

हे किस्से ऐकताना मला एक गोष्ट खटकत राहते. त्याने माणसं कशी मारली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हा विषय निघाला की दोनच तट पडतात. एक म्हणतो वेडा होता, दुसरा म्हणतो बनेल होता. आणि मौज अशी की न्यायालयापुढेही नेमके हेच दोन तट होते.

आधी थोडक्यात हकीकत. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर हल्ले झाले. रात्रीची वेळ, कठीण बोथट हत्यार, घाव डोक्यावर. १९६८ मध्ये हेच पुन्हा सुरू झालं, या वेळी उत्तर-पश्चिम उपनगरांत. मेलेले सगळे गरीब. तपास गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी एका माणसाला वर्णनावरून ओळखून धरलं. त्याच्याजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड आणि काही आकडे लिहिलेले दोन कागद होते. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले, कारण दरोड्याच्या गुन्ह्यात तो आधीच तुरुंगवास भोगून आलेला होता.

पुढचा प्रसंग पोलिसांच्या आठवणींत हमखास येतो. कितीतरी दिवस तो बोलेचना. शेवटी तुला हवंय तरी काय, असं विचारल्यावर म्हणाला, मुर्गी. कोंबडी झाली, मग खोबरेल तेल, कंगवा, आरसा. तेल अंगाला चोळून, आरशात बघून झाल्यावर तो बोलायला लागला आणि हत्यारं लपवलेल्या जागाही दाखवल्या. ही गोष्ट ऐकणारा हसतो आणि म्हणतो, बघा, किती पोचलेला! मला मात्र तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. गळ्याशी फास येणार हे समोर दिसत असताना कोंबडीच्या बदल्यात सगळं ओकून टाकणारा माणूस हिशेबी म्हणायचा का?

कायद्याचा प्रश्न सरळ दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२) सांगतं की, मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक वा कायद्याविरुद्ध आहे हे, ज्याला त्या क्षणी कळूच शकत नव्हतं, त्याचं कृत्य अपराध ठरत नाही. याचं मूळ इंग्लंडातल्या १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यात आहे. म्हणजे वेड असणं पुरेसं नाही. त्या वेडाने 'कळणं' हिरावून घेतलेलं असायला हवं.

पहिला अहवाल पोलीस सर्जनचा. १९६९ च्या जून अखेरपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने रमणला निरीक्षणाखाली ठेवलं. निष्कर्ष: मनोविकृती नाही, स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी सर्वसाधारण, खटल्याचं कामकाज समजण्याइतका तो शहाणा आहे.

दुसरा अहवाल नायर रुग्णालयाच्या एका मनोविकारतज्ज्ञाचा. तो बचाव पक्षाचा साक्षीदार. आर्थर रोड तुरुंगात त्याने रमणशी बोलून मत दिलं की, त्याला दीर्घकाळ पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं. सत्र न्यायालयाला हे पटलं नाही. फाशी झाली. रमणने अपील करायला नकार दिला.

फाशी कायम करायची तर प्रकरण उच्च न्यायालयापुढे येतंच. तिथे ते थांबलं. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं खास मंडळ नेमायला सांगितलं. या तिघांनी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, त्याच्याशी बोलणं केलं. दहा तास. आपल्या तुरुंगात एखाद्या कैद्याचं म्हणणं इतका वेळ ऐकून घेतल्याची उदाहरणं माझ्या तरी वाचनात फार नाहीत.

त्यांना जे सापडलं ते चक्रावून टाकणारं आहे. रमणच्या मते जगं दोन होती. एक हे, आणि दुसरं 'कानून'चं. तो कानूनचा प्रतिनिधी. लोक आपलं लिंग बदलायचा प्रयत्न करताहेत, पण आपण कानूनचे असल्यामुळे ते जमत नाही, आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, ही त्याची पक्की समजूत. चोऱ्या करायला सरकारनेच आपल्याला मुंबईत आणलं. सरकारंही तीन, अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही आपल्या मागे लागलेली. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तर त्याने तो घेतला नाही. आपण कानूनचे, या पापी जगातल्या माणसांना शिवत नाही, असं त्याचं म्हणणं.

आता कलम ८४ पुन्हा वाचा. हे कायद्याविरुद्ध आहे हे याला कळत होतं का? अहो, इथे 'कायदा' हा शब्दच भ्रमाच्या आत जाऊन बसलाय! पोलीस सर्जनने विचारलं त्याचं उत्तर चुकीचं असेलच असं नाही. स्मरण ठीक, बुद्धी ठीक, तारीख-वार ठीक. पण त्याने जे तपासलं ते भिंतीच्या या बाजूचं होतं.

त्याच दशकात तिकडे वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात सॅम्युअल योकेलसन हे वेडे म्हणून निर्दोष सुटलेल्या गुन्हेगारांशी वर्षानुवर्षं बोलत होते. त्यांचा आणि स्टँटन सॅमनाऊ यांचा 'द क्रिमिनल पर्सनॅलिटी' हा ग्रंथ १९७६ पासून निघाला. त्यांचं मत अगदी उलटं झालं. यातले बहुतेक वेडे नव्हतेच, त्यांच्या विचार करण्याच्या सवयीच वाकड्या होत्या. पुढे ग्लेन वॉल्टर्स या तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाने ऐंशी विधानांची प्रश्नावली केली. कैद्याने प्रत्येक विधान किती पटतं ते सांगायचं, त्यावरून गुन्हेगारी विचारांच्या आठ शैली मोजायच्या. नियम आपल्याला लागू नाहीत असं मानणं ही त्यातली एक.

माझी शंका इथेच आहे. एखादा पतपेढी बुडवणारा महाभाग आणि रमण राघव, दोघेही या एका शैलीत भरपूर गुण मिळवतील. एकाला नियम ठाऊक असतो आणि तो स्वतःला सूट देतो. दुसरा स्वतःच नियमाचा दूत. कागदावर खूण मात्र एकाच चौकटीत. योकेलसननाही त्यांचं जे काही हाती लागलं ते चौकटीतून नाही, वर्षानुवर्षं समोर बसून लागलं होतं.

अर्थात चौकट वाईटच असं मी म्हणणार नाही. त्याआधी आपल्याकडे गुन्हेगाराचं मन ओळखायची फारच सोपी रीत होती. जात विचारायची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आलेला, सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत, आणि १९५२ पर्यंत हजेऱ्या. त्यापेक्षा ऐंशी प्रश्न केव्हाही बरे.

असो. रमणचा पेच १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. शेवटी १९८७ मध्ये, त्याचा आजार बरा होण्यासारखा नाही हे मानून, उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. तो येरवड्यात राहिला. त्याच्यावर सिनेमे निघाले. श्रीराम राघवनच्या १९९१ मधल्या चित्रपटात रघुवीर यादव तो झाला होता.

कायदा मात्र हळूहळू त्या दहा तासांच्या दिशेने सरकला. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मानसिक आजार हे फाशी रद्द करायचं एक कारण मानलं गेलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, आरोपीचं नाव न छापता, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशीच्या विरोधात धरला गेला. आणि २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल सत्र न्यायालयाच्या पातळीवरच मागवला पाहिजे.

यातला एकही निकाल रमणच्या हयातीतला नाही. तो १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.