गाथा तरली, फिल्म तरत नाही

आमच्या सणसरला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं की पालखी आमच्याकडे येते, रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या गोल रिंगणाला निघते. त्यामुळे इथल्या माणसाला तुकोबांविषयी काही सांगायला जाऊ नये. तो तुम्हालाच चार गोष्टी ऐकवील. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेराव्या दिवशी कोरडी वर आली, हे तर आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं.

मात्र या गोष्टीचा आपल्या समाजावर एक वाईट परिणाम झालेला आहे, असं माझं बँकेत निम्मं आयुष्य काढल्यानंतरचं नम्र मत आहे. बुडालेली वस्तू यथावकाश आपोआप वर येते, असं आपण धरून चालतो. बुडीत कर्जाच्या फायलीकडे साहेबलोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर इंद्रायणीकाठचीच असते.

हाच न्याय आपण सिनेमालाही लावला. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झाली गौरी. मुंबईत तो सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. लोक त्याला संतपट म्हणतात. मी त्याला प्रेमपट म्हणतो. हॉलिवुडचं प्रेम बहुधा लग्नापाशी संपतं, आपलं तिथून पुढे सुरू होतं, एवढाच फरक. पोर आजारी पडल्यावर ही जिजाई हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला निघते. संसाराचा सगळा खर्च तिच्या नावे आणि जमा सगळी पांडुरंगाच्या खात्यात! असला ताळेबंद जुळवत जी बाई नांदते, तिच्या प्रेमाला दुसरा दाखला कशाला हवा?

पण हे प्रेम दिसायला चित्र तरी दिसायला हवं ना! आमच्या लहानपणी गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचे. कॅसेट म्हणजे प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत. सबंध चित्रपटभर पाऊस पडत असे, आणि जिजाईचे डोळे कुठे नि कुंकू कुठे हे अंदाजानं ठरवावं लागे. पुढे सीडी आली. तिच्यात ऐन भजनात तुकोबांच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. बऱ्या प्रतीवरून काढलेली चकती हाती आली तेव्हा कुठे त्या बाईचा चेहरा दिसला. इतकी वर्षं जी नुसती भांडते आहे असं वाटत होतं, ती खरं म्हणजे घाबरलेली होती. उद्या पोरांच्या ताटात काय वाढायचं, या विचारानं. अर्धी कथा चरे खाऊन गेले होते.

जुन्या फिल्मचा स्वभाव मुळातच तापट. १९५० च्या सुमारापर्यंत ती नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की जळायला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. म्हणजे गाथा पाण्यात टाकली तर तरली, आणि ही पाण्यात टाकली तरी जळतच राहते! नंतरची फिल्म पेटत नाही, पण नीट ठेवली नाही तर तिला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो आणि ती आक्रसते. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते. चांदी म्हटल्यावर आपल्या लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. कित्येक जुने चित्रपट वितळवून विकले गेले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजून कोणी मान खाली घालू नये. १९२७ साली मुर्नाऊनं हॉलिवुडमध्ये ‘सनराइज’ काढला. शहरी बाईच्या नादी लागलेला शेतकरी बायकोला नावेतून बुडवायला नेतो, आणि शेवटी तिच्याच प्रेमात पुन्हा पडतो, अशी कथा. त्याची मूळ निगेटिव्ह १९३७ च्या गोदामाच्या आगीत गेली. आज तो घरी बसून स्वच्छ पाहता येतो, कारण इतरत्र प्रती उरल्या होत्या. त्यातली एक चेकोस्लोव्हाकियाला गेलेली होती. परक्या मुलखात पडून राहिलेल्या त्या प्रतीवरूनही पुढे चकती निघाली.

आपल्याकडे तशी आग २००३ च्या जानेवारीत लागली, तीही प्रभातच्याच जुन्या आवारात, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ‘संत तुकाराम’ उरला तो प्रती असल्यामुळे. प्रती होत्या त्या कोणीतरी जमवल्या म्हणून. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, आणि पी. के. नायर नावाच्या गृहस्थानं जन्मभर गावोगाव हिंडून डबे गोळा केले. बारा हजारांच्या आसपास चित्रपट! व्हेनिसच्या त्या मानपत्राची तर आणखी तऱ्हा. ते १९७४ पासून बेपत्ता होतं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कचऱ्यात कोणाला तरी सापडलं, आणि २००४ साली संग्रहालयात परत आलं. तीस वर्षं! आमच्याकडे एक व्हाउचर तीस मिनिटं दिसलं नाही तर चहा बंद होतो.

आता जीर्णोद्धाराचा हिशेब मांडतो. शेवटी मी कॉमर्सचा माणूस. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८००. धूळ आणि चरे काढायला एका चित्रामागे एक मिनिट धरलं, तर रोज आठ तासांप्रमाणे ३६० दिवस. रविवार, शनिवार आणि सणवार वजा जाता सव्वा वर्षाच्या वर. शिवाय आवाज वेगळाच.

आणि हात आवरावा लागतो तो निराळा. देवळाचा जीर्णोद्धार म्हणून काळ्या दगडाला ऑइलपेंट फासणारे आपण! नवं जोडायचं तर ‘संत तुकाराम’मधल्या शांताराम आठवल्यांसारखं जोडावं. त्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद इतकं बेमालूम उतरलं, की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून गातात. ते ज्याला जमणार नाही त्यानं धूळ तेवढी पुसावी आणि बाजूला व्हावं.

गाथा वर आली हे आपण सांगतो. पण तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले होते, तो भाग घाईघाईनं उरकतो. खरं म्हणजे गोष्ट तिथेच आहे. एकेक चित्र पुसत सव्वा वर्ष बसणारा माणूस असल्याशिवाय बुडालेलं काही वर येत नाही.