मुरलेला केक आणि रिकामे बाक

गेल्या शनिवारी रात्री अकरा वाजता मी केकला रम पाजत होतो. हसू नका, खरंच! पंधरा दिवसांपूर्वी भाजलेला केक डब्यातून काढायचा, विणायच्या सुईनं वरून भोकं पाडायची, दोन चमचे रम हळूहळू जिरवायची, परत बटर पेपरमध्ये गुंडाळायचा, त्यावर फॉइल आणि डबा कपाटात. (फॉइल थेट केकला लावायची नाही, फळांतल्या आम्लानं ती खराब होते.) असं दर शनिवारी, २४ डिसेंबरपर्यंत.

रूममेट म्हणाला, "अरे, महिनाभर बाहेर ठेवलेला केक खाणार तू? ब्रेड चार दिवसांत हिरवा पडतो!" मी ऐटीत म्हटलं, "रम आहे ना त्यात." आणि मग एकदम आठवलं की आयुष्यात पहिल्यांदा मुरलेला केक मी खाल्ला तो अंबाजोगाईला, आणि त्यात रमचा थेंबही नव्हता. म्हणजे माझं उत्तर चुकीचं होतं. मग काय, अख्खा रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, आधी मावशी. आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नर्स होत्या, त्यामुळे गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची आणि आम्ही पोरं मावशी. माहेर नगरचं, आजोबांपासून ख्रिस्ती. दिवाळीचा फराळ संपला की त्यांचा केक सुरू. मोसंबीचा रस साखरेत आटवून त्या घट्ट पाक करायच्या आणि त्यात मनुका, खजूर आणि टुटी-फ्रुटी (म्हणजे आपली पाकवलेली कच्ची पपई) आठवडाभर बुडवून ठेवायच्या. केक भाजायचा ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये. मग पत्र्याच्या डब्यात बंद, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत. मोठा झाल्यावर एकदा मी विचारलं, "मावशी, यात रम नाही घालत?" तर म्हणाल्या, "आमच्या घरात दारू नाही येत रे बाबा. आईनं शिकवला तसा करते."

अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे मला आपलं वाटायचं की आमच्याकडे केक आला तो गोऱ्या साहेबांबरोबर. पण मावशींचा केक आला नगरहून, आणि नगरचा रस्ता जातो बोस्टनला! अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं मांडलं १८३१ साली. या मिशनची मूळ संस्था बोस्टनची, आणि अमेरिकेतली दारूबंदीची मोठी संघटनाही त्याच बोस्टनमध्ये, १८२६ साली निघालेली. अशा वातावरणातून आलेल्या माणसांनी शिकवलेल्या नाताळात रम कुठून असणार? वर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. नगर तेव्हा मुंबई राज्यात, म्हणजे मावशींच्या आईला मनात आलं असतं तरी परमिटशिवाय बाटली मिळाली नसती.

मग हा केक टिकायचा कसा?

उत्तर आपल्या आज्यांना माहीत होतं, फक्त त्यांनी त्याचा ब्लॉग लिहिला नाही :) बुरशी आणि जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. केकमध्ये पाणी असतं, पण साखर ते धरून ठेवते, जंतूंच्या हाती लागू देत नाही. याचं एक माप आहे, शुद्ध पाण्याला १ धरून. ताजा ब्रेड ०.९५ च्या आसपास असतो. ०.८५ च्या खाली बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते. फळं आणि साखर ठासून भरलेला केक या रेषेच्या खाली बसतो. बुरशी मात्र चिवट, काही जाती ०.७ पर्यंतही तग धरतात. रमचा उपयोग तिथे, ती पृष्ठभागावरच्या बुरशीला आवरते आणि चव देते. पण मुख्य पहारेकरी साखर.

आणि मुरतं म्हणजे काय होतं? पहिल्या दिवशी फळं ओली असतात आणि भोवतालचा केक कोरडा. हळूहळू ओल सगळीकडे सारखी पसरते, दालचिनी-लवंगेचा वास लोण्यात उतरतो, रमचा उग्रपणा कमी होतो. आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे बघा, मुरणं. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, माणूससुद्धा एखाद्या धंद्यात मुरतो. गंमत म्हणजे मुरंबा हा 'मुरलेला आंबा' नव्हेच! तो अरबी-फारसीतला मुरब्बा, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे वाढवलेला, सांभाळून मोठा केलेला. म्हणजे मावशींचा केक आणि आजीचा मुरंबा ही सख्खी भावंडं निघाली.

हा पहारा किती पक्का? १९११ साली स्कॉटच्या मोहिमेतल्या एका तुकडीनं अंटार्क्टिकावरच्या केप अडेरला नेलेला एक फ्रूटकेक २०१७ मध्ये सापडला. डबा गंजला होता, केक मात्र जवळजवळ खाण्याजोगा दिसत होता. थंडीचा वाटा मोठा, मान्य. पण थंडीत नुसता ब्रेड ठेवून बघा.

इथपर्यंत मजेत वाचत होतो. मग साखरेचा इतिहास उघडला.

साखर मूळची आपलीच. शर्करेचं फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि इंग्रजीत शुगर झालं, खांडेचं कँडी झालं. युरोपात ती कित्येक शतकं चैनीची वस्तू होती. ती स्वस्त झाली कॅरिबियन बेटांवर, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. १८३३ च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवायचं ठरलं, तर १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. त्यांत पुढे कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. १८७४ साली ब्रिटननं साखरेवरचा आयातकर काढून टाकला. त्याच सुमारास ६ जानेवारीच्या सणाचा श्रीमंती केक मागे पडून ख्रिसमस केक घरोघरी रुळत गेला. म्हणजे महिनाभर टिकणारा केक सामान्य माणसाच्या घरात यायला आधी साखर स्वस्त व्हावी लागली, आणि साखर स्वस्त व्हायला कुणाला तरी घर सोडून लांब ऊस तोडायला जावं लागलं.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य वाचून काय आठवणार?

माझ्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर बाक रिकामे व्हायचे. आई-बाप मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर निघायचे, कोल्हापूर, सांगली, नगर, कर्नाटक. पोरं बरोबर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', हिशोबात माणसं नसतातच. मराठीतला हा शब्द मी लहानपणापासून ऐकला, पण त्यात काय दडलंय ते पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं, तेही आमच्याकडे माणसांना 'रिसोर्स' म्हणतात तेव्हा. नगर जिल्ह्यातच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानं पाणी असलेल्या गावांचं भलं केलं, यात शंका नाही. पण कारखाने वाढले तशी तोडणीला माणसं लागली, आणि ती आली आमच्या कोरडवाहू भागातून. १९७२ च्या दुष्काळानंतर तर जास्तच.

माझ्या बाकावरचा मित्रही जायचा. नाताळला मावशी केक कापून गल्लीत वाटायच्या, आणि एक तुकडा परत कागदात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. तो त्याचा. मार्चअखेर तो परतला की, रापलेला, केस पिंगट झालेला, मावशी हाक मारून तो तुकडा त्याच्या हातावर ठेवायच्या. तीन महिने मुरलेला. एका वर्षी ऊन लवकर तापलं आणि तुकड्याला बुरशी धरली. मावशींनी तो टाकून दिला आणि त्याला वाटीभर मुरंबा दिला. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. त्या वर्षीचा तुकडा कुणी खाल्ला, मला आठवत नाही.

मित्र म्हणतील, मग काय साखर खायची नाही का? तसं नाही. मी तर पाव किलो घालून बसलोय :) पण "रम आहे ना त्यात" हे माझं उत्तर बदललंय. केक टिकतो तो साखरेनं, आणि ती साखर ज्या दोन महिन्यांत माझ्या कपाटात मुरत असते, त्याच दोन महिन्यांत माझ्या जिल्ह्यातली लाखो माणसं फडात असतात, पाचटाच्या कोपीत राहतात.

असो. काल दुसरा केक भाजला, मोसंबीच्या पाकातला, बिनरमचा. मावशी आता रिटायर झाल्यात, डोळ्यांमुळे केक करत नाहीत. २४ ला रिलीज संपवून रात्रीच्या गाडीनं निघतोय. एक तुकडा मार्चपर्यंत ठेवायचं चाललंय डोक्यात. मित्राचा नंबर कुणाकडे तरी मिळेलच गावात.