बालमनाचे राखणदार

दक्षिण कोंकणांत वाडीवाडीला राखणदार मानलेला आहे. शेत, गुरें, रात्रीं वाट चुकलेला वाटसरू, सारें त्याच्या हवालीं. आणि झोपेंत दचकून उठणारें किंवा खाणेंपिणें टाकून कोपऱ्यांत बसणारें पोरहि त्याच्याच हवालीं. अशा पोराला मालवणच्या किनाऱ्यावर पूर्वीं कोणी आजारी म्हणत नसे. आजी मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढी, अंगारा लावी, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे देवळांत गाऱ्हाणें घातलें जाई. गाऱ्हाणें ही मोठी विचार करण्याजोगी चाल आहे. घरांतली चिंता तेथें चारचौघांसमक्ष, मोठ्या आवाजांत देवापुढें मांडली जाते आणि जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात. त्या होकारानें पोराचें दुखणें बरें होई असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्याच्या आईला निदान एवढें कळे कीं काळजी आतां आपल्या एकटीची राहिलेली नाहीं. या चालीची दुसरी बाजूहि दडवून चालणार नाहीं. बाधेचें नांव एकदां चिकटलें म्हणजे सहजासहजीं सुटत नसे, आणि मुलगी असली तर तें तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठ पुरवी.

मनोरुग्णांसाठीं या जिल्ह्यांत सरकारी इस्पितळ निघालें तें १८८६ सालीं, रत्नागिरीस. मालवण त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्याचाच तालुका. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. ज्याला तेव्हां वेड्यांचें इस्पितळ म्हणत, त्याचें काम हाताबाहेर गेलेल्या प्रौढ रोग्यांना चार भिंतींच्या आंत सांभाळण्याचें. हाताबाहेर जाण्यापूर्वींचीं जीं दहापंधरा वर्षें, त्यांचा विचार विलायतेंतहि अजून व्हावयाचा होता. शिकागोस विल्यम हीली यांनीं गुन्हेगार ठरलेल्या मुलांचीं मनें तपासणारी संस्था काढली ती १९०९ सालीं, आणि लंडनच्या पूर्व भागांत इमॅन्युएल मिलर यांचें बालमार्गदर्शन केंद्र निघालें तें १९२७ सालीं.

हिंदुस्थानांतील पहिलें असें केंद्र मुंबईस १९३७ सालीं सुरू झालें. सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजसेवेची शाळा क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पुढाकारानें आदल्याच वर्षीं नागपाड्यास निघाली होती. केंद्र तिच्याशीं जोडलेलें होतें. (तीच शाळा पुढें टाटा समाजविज्ञान संस्था झाली.) अशा केंद्राची रीत अशी कीं डॉक्टर एकटाच मुलाला तपाशीत नाहीं. मानसशास्त्रज्ञ मुलाबरोबर खेळतो, त्याला बोलतें करतो; समाजसेविका घरीं जाऊन आईबापांना आणि शाळेंत जाऊन मास्तरांना भेटते; मग सारे एकत्र बसून ठरवितात कीं बदलावयाचें तें मुलाला कीं त्याच्या घराला.

येथें एका गोष्टीकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाहीं. नागपाड्याहून भायखळा, लालबाग, परळ हा गिरण्यांचा मुलूख चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसांचा भरणा फार मोठा होता. चाळीच्या एकेका खोलींत मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचे गडी पाळीपाळीनें निजत. म्हणजे बाप केंद्राच्या दाराशीं आणि मूल आगबोटीच्या प्रवासापलीकडे, अशी स्थिति. गांवीं तें वाढे आई, आजी आणि मनीऑर्डर यांच्या भरंवशावर. चाकरमानी बाप सणासुदीला येई. पोर त्याच्या अंगाला सरावतें न सरावतें तोंच त्याला बंदरावर पोहोंचविण्याची वेळ येई. पावसाळ्यांत आगबोटी बंद पडल्या म्हणजे तीहि वाट राहत नसे.

हें दुःख म्हणजे रोग नव्हे, हें खरें. पण एखाद्या मुलाच्या मनांत तें खोल जाऊन बसे, आणि तें ओळखूं शकेल असा माणूस जवळपास असलाच तर तो प्राथमिक शाळेचा मास्तर. निरक्षर आईचीं पत्रें तोच लिहून देई, आलेलीं तोच वाचून दाखवी. कोणत्या घरांत काय चाललें आहे हें त्याला ठाऊक असे. धड्यांत मागें पडलेलें मूल कोणतें आणि मनानें खचलेलें कोणतें, हा भेद करण्याचें शिक्षण मात्र त्याला कोणीं दिलेलें नव्हतें.

मुलांनीं संस्थेकडे येण्याऐवजीं संस्थेनें मुलांकडे जावें, हा धडा कोंकणच्या उत्तर टोकाला घातला गेला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामांतलाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनें तो देशभर गेला. पण भर राहिला तो आहारावर व वजनावर. एखादें पोर दिवसचे दिवस गप्प असतें, हें वजनाच्या तक्त्यावर उमटत नाहीं.

जवळचा माणूस आणि जाणता माणूस एकच व्हावा, असा प्रयोग झाला तो सिंधुदुर्गाच्या अगदीं उंबरठ्यावर, पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे गोव्यांत. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं ‘संगथ’ ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ मोजके आणि गरजू अगणित, हें पाहून तिनें वैद्यकाची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनाच समुपदेशनाचें शिक्षण देण्याचा मार्ग धरला. १६ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठीं तिनें ‘युवा मित्र’ हा उपक्रम एका शहरी व एका ग्रामीण वस्तींत चालविला. बरोबरीच्याच तरुणांना मित्रशिक्षक केलें, शिक्षकांना शिकविलें, माहितीपत्रें वांटलीं. त्याचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. शेजारच्या तुलनेच्या वस्त्यांहून तेथें खिन्नतेचें व मारहाणीचें प्रमाण कमी आढळलें. एवढ्या लहान पाहणीवरून फार मोठा सिद्धांत काढूं नये. तरी वयाची निवड अचूक होती. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत २००५ सालीं दिसून आलें कीं, आयुष्यांत जडणाऱ्या मनोविकारांपैकीं निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. मालवणकडे हें नेमकें मुलगा शाळा सोडून होडीवर किंवा मुंबईस जाण्याचें वय.

२०१४ सालीं निघालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें मनाच्या आरोग्याला आपल्या सहा मुख्य विषयांत जागा दिली, आणि गांवांतल्याच मुलामुलींतून ‘साथिया’ निवडण्याची तरतूद केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलिमानस’ सुरू झालें. १४४१६ हा क्रमांक फिरविला कीं रात्रीं-अपरात्रींहि समुपदेशकाशीं मराठींत बोलतां येतें. क्रमांक फिरविणारा हात बहुधा घरांतल्याच कोणाचा तरी असतो. आजीचा, मास्तरांचा, किंवा एकाच बांकावर बसणाऱ्या मित्राचा.