डब्याचा नकाशा

लष्करातून मी कर्नल म्हणून निवृत्त झालो. पण आजची गोष्ट दुसऱ्या कर्नलची, लिनक्सच्या.

लखनौच्या आमच्या घरी कपाटावर एक लहान डबा आहे. त्याला नॅस म्हणतात. आत हार्डडिस्क, मागे नेटवर्कची वायर, घरातल्या सगळ्या फाइली एका जागी. माझ्या पलटणीचे तीस वर्षांचे फोटो त्यातच आहेत. त्यातले काही जवान आज नाहीत. त्यांच्या घरचे अजून फोटो मागतात. मध्यंतरी कंपनीनं या मॉडेलचे सुरक्षा-अपडेट बंद केले. डबा धडधाकट, पण पहारा उठलेला. दुकानदार म्हणाला, "नवा घ्या, साहेब."

असा प्रश्न जगात आधीही आला होता. २००४ साली लिंकसिसचा एनएसएलयू-२ हा डबा आला. मेमरी जेमतेम ३२ एमबी, पण आत लिनक्स होतं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे तो कोड कंपनीला खुला करावा लागतो. हौशी मंडळींनी तो घेतला आणि डब्यासाठी स्वतःची प्रणाली बांधली. २००७ साली डेबियन त्यावर रीतसर बसवता येऊ लागलं. आपल्याकडे लिनक्स पोचवण्यात अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा. डायल-अपच्या त्या दिवसांत, १९९६ साली, पीसीक्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीवरून ते घरोघरी गेलं.

आता खरी अडचण सांगतो. पीसीमधली बहुतेक उपकरणं विचारलं की आपली ओळख सांगतात. या डब्यांत तसं नसतं. दिवा, पंखा, बटण चिपच्या कुठल्या पिनला जोडलंय, हे कर्नलला कोणीतरी लिहून द्यावं लागतं. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी कर्नलमध्ये वेगळी कोड-फाइल असे. त्या पसाऱ्याला कंटाळून २०११ साली लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे चिडले. मग एआरएम चिपांसाठी 'डिव्हाइस ट्री' रुळली. हा जोडणीचा नकाशाच, कोडपासून वेगळा ठेवलेला. २०१९ मध्ये लिनस वालेई यांनी त्या जुन्या एनएसएलयू-२चाही नकाशा कर्नलमध्ये घातला. पंधरा वर्षांच्या डब्यासाठी!

माझ्या डब्याचा नकाशा मात्र नव्हता; त्याच चिपच्या एका भावंडाचा होता. शेजारच्या इंजिनिअर मुलानं नाका हिंडोल्याच्या बाजारातून सीरियल केबल आणली. आधी फोटोंची दुसरी प्रत काढली, मगच डबा उघडला. बोर्डावरच्या पिनांना केबल लावली आणि स्क्रीनवर ओळी धावू लागल्या. डिस्क आणि नेटवर्क पहिल्याच दिवशी चाललं. पंख्यानं सहा रविवार घेतले. लखनौच्या जूनमध्ये पंख्याविना डिस्क चालवायची माझी तरी छाती नाही.

डबा आता नव्या कर्नलवर चालतो. मुलानं नकाशा कर्नलच्या तपासनिसांकडे पाठवला. दोनदा दुरुस्त्या सांगून परत आला. तो वैतागला. मी म्हटलं, "बेटा, ठाणं सोडताना आम्ही पुढच्या तुकडीला सुरुंगांचा नकाशा देत असू. त्यात एक खूण चुकली तर काय होतं, ते मी पाहिलंय. तिसऱ्यांदा पाठव."

काल रात्री त्यानं तो पाठवला. जय हिंद.